लॉनवर दरवर्षी त्याच जागी पिवळे डाग पडतायत? औषध आणायच्या आधी एक फूट खणून बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमची जुळतायत का बघा.

गणपतीपर्यंत लॉन एकदम हिरवंगार असतं, पाऊस मनासारखा झालेला असतो, आणि मग ऐन नवरात्राच्या आसपास कुठेतरी ताटाएवढा पिवळट डाग दिसायला लागतो. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण पाइप लावतो, तरी तो हिरवा होत नाही. आठवड्याभरात तो परातीएवढा होतो आणि दिवाळीपर्यंत असे दोन-तीन डाग एकमेकांना जाऊन मिळतात. त्यावर चाललं की पायाखाली पोकळ, फोमच्या गादीवर पाय दिल्यासारखं लागतं. मूठभर गवत धरून ओढलं तर चटई उचलावी तसं सगळं वर येतं, खाली मुळंच नसतात. सकाळी साळुंक्या, कावळे, कधी गायबगळे नेमके त्याच जागी चोच मारत बसलेले असतात, आणि गावाबाहेर बंगला असेल तर एखाद्या रात्री रानडुक्कर येऊन अख्खा पट्टा नांगरून जातं. अजून एक खूण फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात दुपारच्या वेळी काळ्या अंगाच्या, पिवळे पट्टे असलेल्या गांधीलमाशीसारख्या माश्या गवतापासून वीतभर उंचीवर घिरट्या घालत असतात. त्या तुमच्यासाठी आलेल्या नसतात, जमिनीतल्या अळ्या शोधत असतात, त्यांना मारू नका.

हे सगळं किंवा यातलं निम्मं जरी जुळत असेल तर तुमच्याकडे बहुतेक हुमणी आहे, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी. विदर्भात हिला उन्नी म्हणतात. मी पुण्यात आणि आसपास सोळा वर्षं लॉनची कामं करतोय, सोसायट्या, बंगले, दोन शाळांची मैदानं, आणि दर ऑक्टोबरात येणाऱ्या फोनपैकी निम्मे याच तक्रारीचे असतात. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाचा भाग, त्यामुळे हुमणी लहानपणापासून बघितलेली आहे, पण शेतातली माहिती लॉनला जशीच्या तशी चालत नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली तपासणी, फुकटची: ओढून बघा

डागाच्या मधोमध नाही, कडेला, जिथे हिरवं आणि पिवळं मिळतं तिथे गवत मुठीत धरून सरळ वर ओढा. सहज निघालं तर मुळं कुणीतरी खाल्लीयत. घट्ट धरून राहिलं तर हुमणी नाही, कारण दुसरंच काहीतरी आहे, आणि तिथेच तुमचे औषधाचे पैसे वाचतात.

दुसरं म्हणजे काय? कुत्र्याच्या लघवीचा डाग मध्ये जळलेला आणि भोवती गडद हिरवी कड असलेला असतो, कारण कडेला त्याच लघवीतलं नत्र खत म्हणून लागू पडतं. युरिया हाताने फेकला असेल तर जळलेल्या जागा मुठीच्या फेकीच्या आकाराच्या, पट्ट्यापट्ट्याच्या दिसतात. मशिनचं पातं बोथट असेल तर अख्ख्या लॉनचे शेंडे पांढरट आणि चिरलेले दिसतात, डाग नसतात. बुरशी असेल तर पातीवर ठिपके असतात आणि पहाटे दव असताना कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं. आणि नवीन सोसायटी असेल तर पहार घालून बघा, डागाखाली फरशीचा तुकडा किंवा सिमेंटचा गोळा निघतो. मला एकदा अख्खी फुटकी टाइल्सची पेटी मिळाली होती, वर चार इंच लाल माती आणि त्यावर कार्पेट लॉन. तिथे दोन वर्षं कीटकनाशक मारत होते.

दुसरी तपासणी: एक फूट खणा

हीच खरी तपासणी, आणि हीच लोक टाळतात कारण लॉन खराब होईल असं वाटतं. होत नाही. खुरप्याने किंवा जुन्या सुरीने एक फूट बाय एक फुटाचा चौकोन तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू तशीच ठेवा, आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं गवत उलटा. खालची माती तीन-चार इंच खोल मोकळी करून अळ्या मोजा. मोजून झाल्या की पान परत बसवा, पायाने दाबा, पाणी द्या, आठवड्यात जागा कळतही नाही. डागाच्या मधे खणू नका, तिथलं खाणं संपलेलं असतं त्यामुळे अळ्या पुढे सरकलेल्या असतात. कडेला खणा, आणि एकाच नाही तर तीन-चार ठिकाणी.

हुमणीची अळी एकदा बघितली की विसरत नाही. हातावर घेतली तर इंग्रजी सी सारखी वळून पडते, अंग दुधाळ पांढरं, डोकं तांबूस तपकिरी, पुढे तीन जोड्या पाय, आणि मागचं टोक निळसर काळं दिसतं, कारण कातडी इतकी पातळ असते की आत गेलेली माती बाहेरून दिसते. पूर्ण वाढलेली असेल तर करंगळीएवढी जाड.

आता मोजणी. एका चौरस फुटात एक-दोन निघाल्या तर काहीही करू नका. खरंच काही करू नका, निरोगी लॉन तेवढं सहन करतं, मुळं परत फुटतात. पाचच्या पुढे गेल्या तर उपाय करायचा. दहाच्या पुढे आणि त्याही तीन-चार ठिकाणी असतील तर प्रकरण गंभीर आहे, त्याचं शेवटी सांगतो.

आणि एक गोष्ट, जी माझ्या मते इथे सगळ्यात जास्त चुकते. प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. कंपोस्टच्या खड्ड्यात, कुंडीत, शेणखताच्या ढिगात अशाच दिसणाऱ्या अळ्या असतात, त्या कुजलेला पालापाचोळा खातात, जिवंत मुळं नाही. ओळखायचं कसं, तर अळी सपाट कागदावर ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांची अळी उलटी होते आणि पाय वर करून पाठीवर सरपटत चालायला लागते. बघायला विचित्र वाटतं पण ती तशीच चालते. हुमणी कुशीवर पडून राहते किंवा पायांवर धडपडत चालते. पाठीवर चालणारी असेल तर उचलून कंपोस्टमध्ये सोडा, ती तुमचं काम करतेय.

तिसरी तपासणी: साबणाचं पाणी

गवत उपटत नाहीये, मुळं घट्ट आहेत, पण पाती कुरतडल्यासारखी दिसतायत आणि दोन-तीन रात्रीत मोठा पट्टा उघडा पडलाय, असं असेल तर ती वरून खाणारी अळी, बहुतेक लष्करी अळी. ती दिवसा गवताच्या बुडाशी लपते आणि संध्याकाळनंतर खाते, म्हणून दिवसा कुणाला दिसत नाही आणि सगळे म्हणतात बुरशी लागली. दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड चार-पाच लिटर पाण्यात ढवळून तीन फूट बाय तीन फूट जागेवर झारीने ओता आणि दहा मिनिटं तिथेच बसून राहा. अळ्या वर येतात. नंतर साधं पाणी मारा, नाहीतर उन्हात साबणाने पाती भाजतात.

साबणाच्या पाण्याने हुमणी वर येत नाही. कुणी म्हणालं की साबण टाकून बघितलं, काही नाही निघालं, म्हणजे हुमणी नाही, तर तो निष्कर्ष चूक आहे. हुमणीला खणणं हाच मार्ग.

वाळवीचं वेगळं. उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मे, वाळलेल्या गवतावर मातीचा पातळ पापुद्रा चढलेला दिसला आणि बोटाने फोडला की आत पांढरे किडे पळाले तर ती वाळवी. ती बहुतेक वेळा मेलेलं गवत खाते, म्हणजे लॉन आधी पाण्यावाचून मेलंय आणि वाळवी नंतर आलीय. पाणी सुधारा, बरीचशी जाते.

चौथी तपासणी: रात्रीचा दिवा आणि कडुनिंब

ही तपासणी मे-जूनमध्ये करायची. खर्च काही नाही, फक्त संध्याकाळचा एक तास. हे समजायला हुमणीचं वर्ष समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडची मुख्य जात होलोट्रायकिया सेराटा. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत बसलेले तपकिरी भुंगेरे अंधार पडता पडता बाहेर येतात. ते कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन पाला खातात, तिथेच नर-मादी एकत्र येतात, आणि पहाटेच्या आत परत जमिनीत जातात. मादी ओलसर जमिनीत काही इंच खाली अंडी घालते, एक मादी साधारण पन्नास-साठ. दोन-तीन आठवड्यांत त्यातून बारीक अळ्या निघतात, पहिल्यांदा त्या कुजलेलं खातात, मग बारीक मुळं, आणि ऑगस्टपासून त्या मोठ्या होऊन खऱ्या अर्थाने तुटून पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला त्या खोल जाऊन कोष करतात. त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसापर्यंत जमिनीतच बसून राहतो.

लॉनचे डाग त्याच जागी का पडतात याचं उत्तर या वर्षाच्या गणितात आहे. बाणेरच्या बाजूला एक सोसायटी आहे, तिथे सलग तीन वर्षं क्लबहाउसच्या समोरच्या कोपऱ्यातच डाग पडत होता. आधीच्या ठेकेदाराने दोनदा माती बदलली, नवीन कार्पेट टाकलं. मी पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. कोपऱ्यात जुना कडुनिंब, त्याच्या शेजारी खांबावर मोठा हॅलोजन, आणि सव्वासातच्या सुमाराला त्या दिव्याभोवती भुंगेऱ्यांचा नुसता आवाज, अंगावर आपटत होते. वॉचमनकाका म्हणाले, "हे तर दरवर्षीचंच आहे दादा, सकाळी मी झाडूने गोळा करून त्या कुंपणाकडे टाकतो." म्हणजे भुंगेरे झाडावर जेवत होते, दिव्यामुळे अजून जमत होते आणि खालच्याच मऊ, रोज पाणी दिलेल्या जमिनीत अंडी घालत होते. माती कितीही बदलली तरी पुढच्या पावसात तेच.

तिथे आम्ही काय केलं, तर पहिला पाऊस झाल्यापासून तीन आठवडे तो हॅलोजन सात ते साडेनऊ बंद. त्याऐवजी लॉनपासून लांब, पार्किंगच्या फरशीवर एक बल्ब टांगला आणि खाली घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल. रॉकेल मिळालं नाही तर साबणाचं पाणीही चालतं, भुंगेरा पडला की वर उडू शकत नाही. आणि रोज साडेसात-आठला कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांना लांब काठीने हलवून खाली पसरलेल्या जुन्या चादरीवर पडलेले भुंगेरे बादलीत. पहिल्या चार दिवसांत सोसायटीतली मुलंही आली मदतीला. लहानपणी गावाकडे वडील गॅसबत्ती घेऊन बाभळीखाली हेच करायचे, शेजारचे शेतकरी सगळे एकाच रात्री, कारण एकाने केलं आणि बाकीच्यांनी नाही तर उपयोग होत नाही. सोसायटीचंही तसंच आहे, शेजारच्या प्लॉटवाल्यांना सांगा. त्या वर्षी ऑक्टोबरात खणल्यावर चौरस फुटात दोन अळ्या निघाल्या, आदल्या वर्षी मी स्वतः अकरा मोजल्या होत्या. कीटकनाशकाचा एक थेंब न वापरता.

पाचवी: शेणखत

टॉप ड्रेसिंगला, म्हणजे लॉनवर वरून पातळ थर पसरायला, आणलेलं शेणखत कच्चं असेल तर त्यातून अळ्या आणि अंडी थेट लॉनवर येतात. ट्रॉली खाली केली की आधी फावड्याने दोन-तीन ठिकाणी उकरा. वास येत असेल, आत गरम लागत असेल तर ते कुजलेलं नाही, घेऊ नका. घेतलंच असेल तर चाळून, दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरून मग टाका. पसरल्यावर साळुंक्याच अर्ध्या अळ्या वेचतात.

औषध मारायची वेळ

आता उपायांकडे येतो, आणि इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे की डाग दिसतो तेव्हा औषधाची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. ऑक्टोबरमधली अळी करंगळीएवढी, निबर, आणि थोड्याच दिवसांत खाणं थांबवून खोल जाणारी असते. तिच्यावर जैविकही नीट चालत नाही आणि रासायनिकही. जून शेवट ते जुलै, फार तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा, जेव्हा अळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या असतात, तेव्हा केलेलं काम लागू पडतं. म्हणजे या वर्षी डाग दिसला तर तो पुढच्या जूनचा निरोप समजा, जागा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

जैविक: आधी हेच

मेटारायझियम ही बुरशी. अळीच्या कातडीवर तिचे बीजाणू रुजतात, आत शिरतात, अळी मरून कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी लावल्यासारखी दिसते. ही काही नवीन फॅशन नाही, मेचनिकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८७९ साली ओडेसाजवळ गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर ही बुरशी शोधली, पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी. शेतात हिची मात्रा हेक्टरी २० किलो धरतात, त्या हिशोबाने हजार चौरस फुटाला साधारण २०० ग्रॅम पडते. मी पाव किलो घेतो, एक पाटी चांगलं कुजलेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत थोडं ओलं करून त्यात मिसळतो, गोणपाट झाकून सावलीत आठवडाभर ठेवतो, आणि संध्याकाळी लॉनवर फेकून वरून पाणी देतो.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पुडा दुकानात उन्हात ठेवलेला असतो किंवा एक्स्पायरी झालेली असते, आत जिवंत काही नसतं, तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. दुसरी चूक, त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारतात, कार्बेन्डाझिम वगैरे, आणि मेटारायझियम ही स्वतःच बुरशी आहे, ती मरते. तिसरी, चार दिवसांत निकाल बघतात. दोन-तीन आठवडे द्या, आणि जमीन ओलसर ठेवा, कोरड्या मातीत बीजाणू रुजत नाहीत.

दुसरा जैविक उपाय सूत्रकृमींचा, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. नावातच इंडिका आहे कारण ही जात कोइमतूरच्या मातीतून मिळाली, १९९२ साली तिचं वर्णन झालं. हे डोळ्यांना न दिसणारे जंत, मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींशी यांचा काही संबंध नाही, हे फक्त कीटक शोधतात. अळीच्या अंगात शिरले की पोटातले जिवाणू सोडतात आणि अळी दोन दिवसांत मरते, आणि विटेसारखी लालसर होते. विटेच्या रंगाची मेलेली अळी खणताना मिळाली की समजायचं औषध लागलं. गांडुळांना, मुलांना, कुत्र्यामांजरांना काही होत नाही.

मात्रा चौरस मीटरला साधारण अडीच लाख, म्हणजे हजार चौरस फुटाला दोन-अडीच कोटी, पाकिटावर संख्या लिहिलेली असते. हे ऊन लागलं की मरतात, म्हणून सूर्य मावळल्यावरच. लॉन आधी भिजवून घ्या, पंपाच्या नोझलमधली बारीक जाळी काढून टाका नाहीतर त्यात अडकतात, मिश्रण मधूनमधून ढवळत राहा कारण ते तळाला बसतात, आणि मारून झाल्या झाल्या परत पाणी द्या म्हणजे पातीवरून मातीत जातील. पुढचे दहा-बारा दिवस जमीन कोरडी पडू देऊ नका. पावसाळ्यात हे आपोआप होतं, म्हणून जुलै उत्तम.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर, दुकानात मिळते ती कुर्स्टाकी जातीची, ती लष्करी अळीसारख्या पतंगांच्या अळ्यांवर चांगली आहे, लहान असताना संध्याकाळी फवारली तर, पण हुमणीवर तिचा काही परिणाम होत नाही. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मिल्की स्पोअर मागवणारे मला दोघं भेटले. ती पावडर तिकडच्या जॅपनीज बीटलच्या अळीसाठी आहे, आपल्या हुमणीसाठी नाही. तिकडे न्यू जर्सीत कुणी मराठी माणूस लॉन सांभाळत असेल तर त्याचं वेगळं गणित.

रासायनिक: लागलंच तर

जैविक उपाय दोन हंगाम नीट केले, दिवे-भुंगेरे केलं, तरी पाचच्या वर अळ्या असतील तर मी रासायनिक वापरतो. पण आधी थॅच बघा. गवताच्या हिरव्या भागाखाली आणि मातीच्या वर मेलेल्या काड्यांचा जो तपकिरी थर असतो तो अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर वरून टाकलेलं काहीही खाली पोचत नाही. दाताळ्याने तो आधी काढा.

याच कारणामुळे क्लोरपायरीफॉस लॉनमधल्या हुमणीवर फसतं. आपल्याकडे प्रत्येक माळी तेच आणतो कारण वाळवीला सगळ्यांनी वापरलंय, पण ते थॅचला चिकटून बसतं, वास पंधरा दिवस येतो आणि दोन इंच खाली अळी निवांत मुळं खात असते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात कोथरूडच्या एका बंगल्यात ऑक्टोबरात हे ओतलं होतं. डाग वाढतच गेले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय थरथरायला लागले. डॉक्टरांनी वेळेत इंजेक्शनं दिली म्हणून तो वाचला. त्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मुलं किंवा जनावरं असलेल्या घरी मी ते वापरलेलं नाही.

थिमेट द्या म्हणून अजूनही लोक विचारतात. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणी मागच्या दाराने देत असेल तरी घेऊ नका, घरात जुनं पडलं असेल तर लॉनवर टाकून संपवू नका.

क्लोरअँट्रानिलिप्रोल हे माणसाला आणि मधमाशांना तुलनेने सौम्य, लेबलवर हिरवा त्रिकोण असतो. मुळांपर्यंत जायला त्याला वेळ लागतो म्हणून पहिल्या पावसाच्या वेळीच टाकायचं. इमिडाक्लोप्रिड अंडी फुटायच्या वेळेला चांगलं चालतं, पण मधमाशांसाठी घातक, म्हणून लॉनमध्ये तणाची बारीक फुलं असतील तर आधी मशिन मारून फुलं काढून टाका. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं ४०-४० टक्क्यांचं दाणेदार मिश्रण उसाच्या हुमणीसाठी शिफारस केलेलं आहे, पण घराच्या लॉनवर मुलं लोळतात, ऊसात लोळत नाहीत, म्हणून तो निर्णय जाणकाराला घेऊ द्या. मात्रा मी इथे मुद्दाम देत नाही, प्रत्येक बाटलीची टक्केवारी वेगळी असते, लेबल आणि आतली घडीची चिठ्ठी वाचा.

टाकल्यावर पाणी द्यायलाच हवं, अर्धा इंच. म्हणजे हजार चौरस फुटाला साधारण हजार लिटरची एक टाकी. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर दोन-तीन सपाट डबे ठेवा, अर्धा इंच भरले की बंद. मुसळधार पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी मात्र टाकू नका, सगळं वाहून नाल्यात, विहिरीत, माशांच्या टाक्यात जातं.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, बूट, आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेला तोंड करून फवारायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ती रोज फवारणारी माणसं होती. लॉन पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि जनावरं आत नकोत, मी तर दोन दिवस दोरी बांधून ठेवतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चौरस फुटाला दहाच्या वर अळ्या तीन-चार ठिकाणी निघाल्या, किंवा जागा पाच-सहा हजार फुटांपेक्षा मोठी असेल, शाळेचं किंवा क्रिकेटचं मैदान असेल, तर स्वतः करू नका. लॉनला लागून विहीर, बोअर किंवा तळं असेल तर रासायनिकाला हातच लावू नका. वाळवीची वाट लॉनमधून घराच्या भिंतीकडे जाताना दिसली तर ते लॉनचं काम राहिलं नाही, परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, आणि परवाना दाखवा म्हणा, तो असणं कायद्याने लागतं. घरात गरोदर बाई, लहान बाळ, दम्याचा पेशंट असेल तरी तेच.

अळी ओळखू येत नसेल किंवा एकच उपाय दोन हंगाम करून फरक पडत नसेल तर तिसऱ्यांदा तेच करू नका. पाच-सहा अळ्या थोड्या मातीसकट भोकं पाडलेल्या डब्यात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात घेऊन जा. अळीच्या शेपटाकडच्या केसांच्या ठेवणीवरून ते जात सांगू शकतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या जमिनीत असते ती ल्युकोफोलिस वेगळी असते, तिचा उपायही वेगळा.

आणि फवारताना कुणालाही घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ, असं काही झालं तर लिंबूपाणी-दूध देत बसू नका, कपडे काढून अंग धुवा, १०८ लावा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना लेबल बघायला लागतं.

पडलेले डाग भरायचे कसे

अळ्या कमी झाल्याची खात्री खणून केली की मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, माती दोन इंच हलवा, चाळलेलं शेणखत आणि पोयटा पसरून आजूबाजूच्या बर्म्युडाचे, म्हणजे आपल्या हरळीचे, धावरे, म्हणजे जमिनीवर पसरत जाणाऱ्या काड्या, तोडून चार-चार बोटांवर लावा आणि पायाने दाबा. दिवसातून दोनदा हलकं पाणी. ऑक्टोबरात लावलं तर थंडी पडायच्या आत तीन-चार आठवड्यांत जागा झाकते. कार्पेट लॉन असेल तर ते फार सावकाश पसरतं, तिथे तुकडा कापून बसवलेला बरा. नवीन तुकडा बसवायच्या आधी तो उलटा करून खालची माती बघून घ्या, नर्सरीतून अळ्या त्याच मातीत येतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मशिन नेहमीपेक्षा थोडं उंच ठेवा, पाती लांब असली की मुळंही खोल जातात आणि चार मुळं गेली तरी गवत तग धरतं.

आता कुणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे वाचत असेल तर सध्या फक्त खणणं, मोजणं आणि डाग भरणं एवढंच करा. बाकीचं पहिल्या वळवाच्या संध्याकाळी, सात वाजता, चादर आणि बादली घेऊन कडुनिंबाखाली.